एकाच चालीची गाणी

दिवेलागणीला भरतराव आवटी बायकोच्या गळ्यातली कंठी उतरवायचे, मऊ फडक्यानं पुसायचे आणि संगणकाशेजारच्या खाचेत ठेवायचे. मग खुर्ची ओढून बसायचे आणि पडद्यावरची हिरवी पट्टी डावीकडून उजवीकडे सरकताना बघत राहायचे. पट्टी भरेपर्यंत जागचं उठायचं नाही, मध्येच कंठी उचलायची नाही, असं त्यांना मुलीनं, ऋतुजानं, बजावून ठेवलं होतं. त्यामुळे तेवढा वेळ ते काहीच करत नसत. सबंध दिवसात नुसतं बसायला मिळायचं ते तेवढंच.

भरतरावांची सगळी नोकरी तासगावच्या एका शीतगृहात झाली. बेदाण्याच्या खोल्यांचं तापमान चढू द्यायचं नाही, एवढंच काम. पण ते दिवसरात्र डोक्यात ठेवायचं. निवृत्त झाल्यावर वर्षभर फक्त झोपणार, असं त्यांनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. त्याच वर्षी रोहिणीबाईंना झटका आला. एका सकाळी दूधवाल्याला काहीतरी सांगायला त्यांनी तोंड उघडलं आणि शब्द आलाच नाही. पुढे हातपाय हळूहळू सुधारले. शब्द परतले नाहीत.

तेव्हापासून घरातलं सगळं बोलणं भरतरावांकडे आलं, स्वतःचं आणि बायकोचंही. दारात कोणी आलं की तिच्या चेहऱ्याकडे एक नजर टाकून ते म्हणायचे, "बाई म्हणतायत, आत या की." दुकानात तेच, दवाखान्यात तेच, नातेवाइकांच्या फोनवर तेच. दोन माणसांचं बोलणं एकट्यानं बोलायचं म्हणजे काय, ते केल्याशिवाय कळत नाही. रात्री जेवताना ते गप्प बसत. तोंडात घास असला की कुणाच्या वतीनं काही सांगायचं नसतं, याचंच त्यांना बरं वाटे.

कंठी हा दागिना नव्हता. गळ्याभोवती बसणारी ती एक लवचिक पट्टी होती, दिसायला आदिवासी बायकांच्या गळ्यातल्या हासळीसारखी. खरं म्हणजे तो गाणी वाजवणारा एक छोटा प्लेयर होता. पण तो गाणी कशाला वाजवतो, हे समजून घ्यायला हवं.

आपल्यापैकी बहुतेकांचा मेंदू बोलण्याचं काम मुख्यतः डाव्या बाजूनं करतो. तिथला रक्तपुरवठा तुटला की शब्द हरवतात. माणसाला समोरचा काय म्हणतो ते कळतं, आपल्याला काय हवं तेही कळतं, पण नेमका शब्द ओठांवर येत नाही. गाण्याच्या कामात मात्र उजवी बाजूही मोठा वाटा उचलते. म्हणून "पाणी" हा एक शब्द उच्चारता न येणारा माणूस कधी कधी पाण्याचं अख्खं गाणं म्हणून दाखवतो. डॉक्टरांना हे फार जुनं ठाऊक होतं. कंठीनं एवढंच केलं, की ही आडवाट रोजच्या वापराची केली. कानामागची चकती मेंदूतल्या हालचालीवरून अंदाज बांधते, की या माणसाला आता काही प्यायला हवंय, की कोणाला हाक मारायचीय, की कुठे जायचंय. मग कंठी त्या विषयाच्या गाण्याचे पहिले दोनतीन ठोके हाडातून कानात पोचवते. बाहेर कोणाला काही ऐकू येत नाही. सुरुवात मिळाली की पुढचं गाणं माणूस स्वतः म्हणतो, आणि हवा तो शब्द आला की थांबतो.

कोणत्या गाण्यानं कोणता शब्द उघडतो, याची यादी कंठीत असते. ती दिवसभर बदलत जाते. एखादं गाणं उपयोगी पडलं की वर सरकतं, एखादं फसलं की खाली जातं. आणि संध्याकाळी ही यादी घरच्या संगणकातल्या यादीशी जुळवून घ्यावी लागते. हे काम बाहेरच्या जाळ्यावरून करायला कायद्यानं बंदी होती. माणसाच्या मेंदूची नोंद, उपचारकेंद्र सोडलं तर, त्याच्या घराच्या उंबऱ्याबाहेर जायची नाही, असा तो कायदा. चांगला होता. पण त्यामुळे घरोघरी कोणीतरी असं खाचेत कंठी ठेवून बसायला लागलं होतं.

जुळवणं म्हणजे काय? वर्गातला फळा आणि मुलाच्या हातातली पाटी डोळ्यांसमोर आणा. सकाळी फळ्यावरचं पाटीवर उतरवायचं. दिवसभर पाटीवर जे नवं लिहिलं, ते संध्याकाळी फळ्यावर चढवायचं. दोन्हीकडे सारखंच दिसायला लागलं की काम झालं. मात्र जुळवणाऱ्याला चांगलं-वाईट कळत नाही. पाटीवरचं काही पुसलं गेलं, तर ते फळ्यावरूनही पुसलं जातं. तितक्याच इमानानं.

रोहिणीबाईंना ही फळा-पाटीची गोष्ट एकदम पटली असती. त्यांची सारी नोकरी पहिली-दुसरीच्या वर्गात गेली होती, तासगावजवळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत. आणि तिथे त्यांची एक रीत होती. त्या सगळं गाण्यात शिकवायच्या आणि सगळ्या गाण्यांना एकच चाल लावायच्या. बेचा पाढा त्याच चालीत. वार त्याच चालीत. "कृष्णा आली, वारणा आली, पाणी आलं घरी" हेही त्याच चालीत. खिचडीच्या वेळी "साबण घ्या हो, हात चोळा, फेस होऊ दे". आणि सकाळची हजेरी, "कोण कोण आलं, कोण कोण आलं, वर्गामध्ये आज?" त्यापुढे मुलांची नावं गुंफलेली.

"बाई, निदान दोन चाली तरी करा," केंद्रप्रमुख एकदा हसून म्हणाले होते. "पोरं वारणेला बे दुणे चार म्हणायची."

"साहेब, चाल एकदा पाठ झाली की पोरांचं अर्धं ओझं उतरतं," बाई म्हणाल्या होत्या. "मग नव्या गाण्यात फक्त शब्द शिकायचे राहतात."

कोणाचं चुकलं तर त्या रागवत नसत. फूटपट्टी टेबलावर टक् करून आपटायची आणि एकच शब्द म्हणायचा, "पुन्हा." मुलं छडीला घाबरत नसत इतकी त्या शब्दाला घाबरत.

झटक्यानंतर मिरजेच्या वाचा-उपचार केंद्रातल्या तज्ज्ञ नाझनीन मुजावर यांनी रोहिणीबाईंच्या कंठीत आधी जुनी सिनेमातली गाणी भरली, मग भावगीतं, मग आरत्या. रोहिणीबाई कपाळाला आठ्या घालून बसून राहायच्या. एक दिवस केंद्राच्या व्हरांड्यात कोणाचं तरी लहान मूल चिखलाचे हात घेऊन रडत होतं. रोहिणीबाई उठल्या, त्याला नळाशी नेलं आणि सहज म्हणाल्या, "साबण घ्या हो, हात चोळा..." नाझनीन हातातलं काम टाकून धावत बाहेर आल्या.

मग भरतरावांनी बाईंच्या जुन्या विद्यार्थ्यांना निरोप धाडले. गाणी आली. कोणी द्राक्षबागेत फवारणीचं ड्रोन उडवता उडवता म्हटलेली, कोणी पुण्याच्या कचेरीच्या जिन्यात दबक्या आवाजात, एकीनं दुबईतल्या स्वयंपाकघरातून, मागे कुकरच्या शिट्ट्यांसकट. एकेक गाणं दोघातिघांनी पाठवलेलं. सगळ्यांचे आवाज राकट, मोठे झालेले, आणि चाल तीच, जशीच्या तशी.

त्या गाण्यांवर रोहिणीबाई पुन्हा बोलायला लागल्या. तहान लागली की कृष्णा आणि वारणा आणून त्या "पाणी"पाशी थांबत. फोनवर मुलगी दिसली की हजेरी म्हणत. ऋतुजा त्याच शाळेत, आईच्याच वर्गात होती. वर्गात तिलाही "बाई"च म्हणावं लागे. हजेरीत तिचं नाव शेवटून दुसरं. रोहिणीबाई सगळी नावं घेत घेत तिथवर पोचायच्या आणि थांबायच्या. बंगळूरला स्वतःच्या घरात उभी असलेली ऋतुजा हात वर करून म्हणायची, "हजर, बाई!"

एक गोष्ट मात्र भरतरावांच्या ध्यानात पहिल्या महिन्यातच आली होती. ती त्यांनी कोणाला सांगितली नाही. त्या साऱ्या गाण्यांत "अहो" हा शब्द नव्हता. लहान मुलांच्या गाण्यांत तो कशाला असेल? रोहिणीबाईंना पाणी मागता येई, भाज्या सांगता येत, वार सांगता येत, तीस वर्षांमागच्या पोरांना नावानिशी हाक मारता येई. नवऱ्याला हाक मारायला त्यांच्याकडे काही नव्हतं. त्या फूटपट्टीनं टेबल वाजवायच्या. टक् टक्. भरतराव यायचे.

रोज संध्याकाळी ते त्या यादीची पट्टी भरताना बघायचे. तिच्यात आपण कुठेच नाही, हे त्यांना ठाऊक असायचं. तक्रार नव्हती. थकलेल्या माणसाला तक्रारीचाही कंटाळा येतो.

कंठीची नवी आवृत्ती आली तेव्हा ऋतुजानंच फोनवरून सांगून ती बसवून घेतली. या आवृत्तीत कंठी माणसाचा स्वतःचा आवाजही साठवणार होती. काही दिवसांनी, हिरवी पट्टी अर्ध्यावर असताना, पडद्यावर प्रश्न आला. "एकसारखी गाणी आढळली. जादाच्या प्रती काढून टाकायच्या का?"

भरतरावांनी आधी "नंतर" दाबलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी रोहिणीबाईंना ताप होता, स्वयंपाक व्हायचा होता आणि गॅसवर दूध होतं. त्यांना वाटलं, खरंच की, हजेरी तिघांनी पाठवलीय, पाढा चौघांनी. एकेक ठेवलं तरी पुष्कळ. त्यांनी "हो" दाबलं आणि दुधाकडे धावले.

जुनी आवृत्ती एकसारखी गाणी नाव बघून ओळखायची. नवी आवृत्ती ती चाल बघून ओळखत होती. आणि चाल एकच होती.

सकाळी ताप उतरला होता. रोहिणीबाई बिछान्यात उठून बसल्या, टक् टक् केलं. भरतराव पदराला हात पुसावा तसे लुंगीला हात पुसत आले.

"काय गं? पाणी?"

रोहिणीबाईंनी होकारार्थी मान हलवली, गळ्यातल्या कंठीवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "साबण."

"साबण? आत्ता?"

त्यांनी जोरात नकारार्थी मान हलवली. "साबण घ्या हो..." आणि थबकल्या. तांब्याकडे बोट दाखवलं. "साबण."

दुबईतल्या विद्यार्थिनीनं पाठवलेलं साबणाच्या गाण्याचं रेकॉर्डिंग, कुकर असूनही, सगळ्यांत स्पष्ट होतं. यंत्रानं तेवढंच ठेवून बाकीची सगळी गाणी जादाची म्हणून काढून टाकली होती. पेपर हवा तर साबण. खिडकी उघडा, साबण. आधी दोघांना हसू आलं. भरतराव म्हणाले, "चल, निदान घर तरी स्वच्छ राहील." दुपारी शेजारच्या काकू बघायला आल्या. रोहिणीबाईंनी त्यांना बसायला सांगण्यासाठी तोंड उघडलं, मग दोन्ही हातांनी ते दाबून धरलं. नंतर त्या भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या.

"पप्पा, मी सांगितलं होतं की नाही? काही विचारलं तर आधी मला फोन करा!" ऋतुजाचा आवाज चढला होता.

"दूध उतू चाललं होतं गं."

"अहो, दुधाचं काय घेऊन बसलात! संगणकावर बघा, जुनी यादी असेल."

"बघितलं. दोन्हीकडे एकच गाणं आहे. जुळणी व्यवस्थित झालीय."

ऋतुजाचा आवाज खाली आला. "तिला द्या जरा फोन."

रोहिणीबाईंनी पडद्यावरच्या मुलीकडे बघितलं. ओठ हलले. काय येणार ते त्यांना माहीत होतं, म्हणून त्यांनी ते येऊ दिलं नाही.

मिरजेच्या केंद्रात मागच्या तपासणीच्या वेळी घेतलेली प्रत होती. पण नाझनीन बहिणीच्या लग्नाला गेल्या होत्या आणि दुसऱ्या कोणाला ती उघडायचा अधिकार नव्हता. थांबावं लागणार होतं.

त्या दिवसांत घर फार शांत होतं. रोहिणीबाई कंठी घालून अंगणात बसायच्या. कंठी आपली इमानानं त्या चालीचे पहिले ठोके कानात देत राहायची, आणि त्या तोंड मिटून ते ऐकत राहायच्या. शब्द नसलेली चाल. त्यांनी आयुष्यभर दुसरं काय केलं होतं? चाल तयार होती, नवे शब्द घालायचे होते.

एका संध्याकाळी भरतराव भांडी घासून आले आणि पायरीवर टेकले. पाठीत उसण भरली होती. डोळे मिटले. मागून ती चाल ऐकू आली, पुटपुटल्यासारखी. साबणाची वाट बघत ते तसेच बसून राहिले.

"अ... हो..."

त्यांनी वळून बघितलं नाही. वळलं तर ते थांबेल अशी भीती वाटली.

"अहो... द... दमलात."

दोन शब्द, चालीत घोळवलेले, शेवटचं अक्षर हजेरीसारखं लांबवलेलं. कुठल्याच रेकॉर्डिंगमध्ये नसलेले. भरतरावांनी चेहरा गुडघ्यांत घातला. दमलोय, हे त्यांना आजवर कोणीच, त्यांनी स्वतःही, एवढं स्पष्ट सांगितलं नव्हतं.

"होय," ते म्हणाले. "दमलोय खरा."

त्यानंतरच्या दिवसांत अजून दोन शब्द आले, "बसा" आणि "राहू दे". चारच शब्द. पण त्यांपैकी एकही उसना नव्हता.

लग्नाहून परतल्यावर केंद्रात नाझनीन यांनी सगळं ऐकून घेतलं, चकतीच्या नोंदी बघितल्या आणि दोघांसमोर खुर्ची घेऊन बसल्या.

"काका, काकू, नीट ऐका. मेंदूच्या दृष्टीनं एक चाल म्हणजे एक दार. काकूंच्या एका दारातून आधी पुष्कळ शब्द जायचे, कारण दाराशी वेगवेगळी माणसं उभी होती, ती रेकॉर्डिंगं. आता त्या दाराशी काकूंचे स्वतःचे शब्द आलेत. हे फार मोठं आहे. असं मी इथे पहिल्यांदा बघतेय."

"मग जुनी गाणी पण घाला की परत," भरतराव म्हणाले.

"नव्या आवृत्तीत घातली तर ती पुन्हा एकच ठेवणार. एकदा 'हो' दाबलं की तो भाग बंद करता येत नाही, कंपनीला लिहिलंय मी. जुन्या आवृत्तीची एक कंठी आमच्याकडे पडून आहे. तिच्यात सगळी गाणी परत येतील. पाणी, वार, नावं, सगळं. पण ती माणसाचा आवाज साठवत नाही. आणि चाल तीच असल्यामुळे जुने शब्द दाराशी गर्दी करतील. नवे चार..." त्यांनी रोहिणीबाईंकडे बघितलं. "नवे चार बहुतेक मागे पडतील."

जुनी कंठी डब्यात घालून त्यांनी हातात दिली. घरी विचार करा, म्हणाल्या. खाचेत ठेवली की जुनी यादी संगणकावर येईल, आणि मग मागे फिरता येणार नाही.

परतीच्या बसमध्ये ऋतुजाचा फोन आला. "यात विचार कसला करायचा, पप्पा? तिला पाणी मागता येत नाहीये!"

"पाणी मी देतो गं."

"तुम्ही किती दिवस देणार? मला तिच्या तोंडून माझं नाव ऐकायचंय. एवढंच. रागावू नका."

भरतराव रागावले नाहीत. एका पारड्यात शंभरएक शब्द, त्यात मुलीचं नाव. दुसऱ्यात चार शब्द, त्यांतला एक त्यांचा. ज्याला हिशेब करता येतो त्यानं काय करावं? "अहो" साठी बायकोला मुकं ठेवायचं, तर आपल्यासारखे स्वार्थी आपणच.

दिवेलागणीला त्यांनी जुनी कंठी डब्यातून काढली. रोहिणीबाई शेजारी येऊन बसल्या, नवी कंठी गळ्यात, फूटपट्टी मांडीवर.

"हे बघ," ते म्हणाले, "ही लावली की तुझं सगळं परत येतंय. ते नद्यांचं, ते वारांचं. आणि हजेरी. ऋतुजाची हजेरी, आठवते ना?" तिच्या डोळ्यांत काहीच हललं नाही. तिला कळलं नसावं, असं वाटून भरतरावांनी लग्नानंतर कधीच केली नव्हती ती गोष्ट केली. ते गायले.

"कोण कोण आलं, कोण कोण आलं..."

ते भयंकर होतं. पहिला "कोण" खर्जात, दुसरा वर कुठेतरी अडकलेला, "आलं" तर चालीच्या पार बाहेर, पलीकडच्या गल्लीत.

टक्.

भरतराव थांबले. "काय झालं?"

रोहिणीबाई कपाळाला आठ्या घालून त्यांच्याकडे बघत होत्या. फूटपट्टी टेबलावर होती.

त्यांनी परत म्हटलं. या वेळी वेगळ्या ठिकाणी चुकलं.

टक् टक्. रोहिणीबाईंचा चेहरा लाल झाला. वर्गात तीस वर्षं चुकीचा सूर कानाआड न केलेली बाई ती. त्यांनी श्वास घेतला, आणि ठणठणीत आवाजात, बरोबर चालीत म्हणाल्या, "कोण कोण आलं, कोण कोण आलं, वर्गामध्ये आज?"

त्यांच्या गळ्यातल्या कंठीवरचा छोटा दिवा उघडझाप करून स्थिर झाला. काहीतरी साठवलं गेलं होतं.

भरतरावांनी जुनी कंठी हळूच परत डब्यात ठेवली. मग घसा खाकरला. "कृष्णा आली..." ते म्हणाले, अगदी वाईट.

सकाळी त्यांनी नाझनीनला फोन केला. ऐकता ऐकता त्या हसायला लागल्या, आणि हसता हसता नाक ओढल्याचा आवाज आला.

"काका, कंठी शब्द यायच्या आधी कानावर काय पडलं ते गाणं म्हणून नोंदवते. ते गाणं तुमचं. आणि तुमची चाल दर वेळी वेगळी."

"बेसूर म्हणा की सरळ. लहानपणापासून ऐकतोय."

"बेसूर, पण प्रत्येक वेळी वेगळं बेसूर! यंत्राला ती शंभर वेगळी गाणी वाटतात. म्हणजे शंभर दारं. काकूंचा मेंदू चाल ऐकत नाहीये, चूक ऐकतोय. चूक दुरुस्त करायला त्यांना शब्द सापडतायत. मात्र सगळी गाणी तुम्हालाच म्हणावी लागतील. एकेक, पुष्कळदा. काही शब्द येणारही नाहीत. जमेल?"

भरतरावांनी ओट्यावरच्या भांड्यांकडे बघितलं. "न जमून सांगतो कुणाला," ते म्हणाले.

म्हणून आता दिवसभराचं सगळं आवरलं की ते गायला बसतात. एका दिवशी पाढा. एका दिवशी भाज्या. नीट गाण्याचा प्रयत्न केला तर रोहिणीबाई गप्प राहतात. म्हणून काळजीनं, मनापासून चुकावं लागतं, आणि त्यात फार दम जातो. वांगी आली, पडवळ काही केल्या येत नाही. गुरुवार आला, शनिवार अजून हरवलेलाच. घसा बसलेला असतो. शेजारच्या काकूंनी विचारलं, बरं नाही का तुम्हाला? रोहिणीबाईच म्हणाल्या, "बसा."

हजेरीला सगळ्यांत वेळ लागला. नावं बरीच, आणि भरतरावांना ती मुलं माहीत नाहीत. द्राक्षांची छाटणी संपत आली तेव्हाची गोष्ट. पडद्यावर ऋतुजा होती, कचेरीतून नुकतीच आलेली, केस विस्कटलेले. भरतराव एकेक नाव चुकवत चालले होते आणि रोहिणीबाई एकेक सुधारत. शेवटून दुसऱ्या नावाशी भरतरावांचा आवाज फाटलाच. हे मुद्दाम नव्हतं.

टक्.

"ऋ... तु... जा," रोहिणीबाई म्हणाल्या, चालीत, शेवट लांबवून.

पलीकडे हात वर गेला. "हजर" एवढंच ऐकू आलं. "बाई" म्हणायला तिला जमलं नाही.

फोन बंद झाल्यावर भरतरावांनी कंठी उतरवली, पुसली, खाचेत ठेवली आणि खुर्चीत टेकले. हिरवी पट्टी सरकत सरकत पूर्ण भरली. पडद्यावर आलं, "एकसारखी गाणी आढळली नाहीत." त्यांनी डोळे मिटले. आज झालं. आता जेवायचं, तोंडात घास घ्यायचा आणि गप्प बसायचं. त्यांनी संगणक बंद करायला हात पुढे केला.

"अहो," मागून हाक आली.

कंठी तर खाचेत होती. ते वळले. रोहिणीबाईंच्या गळ्यात काहीच नव्हतं. त्यांनी फूटपट्टी उचलली होती. कुठलीच चाल न लावता, पहिलीच्या पोरांना म्हणावं तसं, त्या म्हणाल्या, "पुन्हा."